प्रताधिकार कधी संपतो? सोपं गणित

भारतात लेखकाच्या निधनानंतरचं वर्ष उजाडल्यापासून ६० वर्षं मोजतात. थोडक्यात, निधनाचं साल अधिक ६१. त्या १ जानेवारीला साहित्य खुलं.

• वि. दा. सावरकर : निधन १९६६, खुलं २०२७.
• आचार्य अत्रे, अण्णाभाऊ साठे : दोघांचंही निधन १९६९, खुलं २०३०.
• ग. दि. माडगूळकर : निधन १९७७, खुलं २०३८.

इथे चुकू नका
• लेखक दोन असतील, तर शेवटी गेलेल्याचं साल धरा.
• मरणोत्तर पुस्तकाला प्रकाशनाचं साल लागतं. बहिणाबाई गेल्या १९५१मध्ये, गाणी छापली १९५२मध्ये. म्हणून खुली २०१३मध्ये.
• अनुवादाचा हक्क वेगळा. मूळ पुस्तक खुलं झालं, तरी अनुवादकाचं साल तपासा.