तारा आखूड पडल्या त्याची गोष्ट



गेल्या पंधरवड्यात गट ऑफिसात उसाच्या नोंदी चालू असताना एक जुने सभासद टेबलाशी येऊन बसले. थोरला मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, यंत्रांचे भाग संगणकावर आखण्याचे काम करतो. म्हणाले, "साहेब, पोरगं दोन महिने झाले नुसतं शिकतंय. कंपनीनं जुना प्रोग्राम काढला अन् नवा बसवला म्हणं. दहा वर्षं हेच काम करणाऱ्याला परत पहिलीत बसवलाय. काम नाही, पगार चालू. कुठवर पोसतील त्याला?"

मी म्हटलं, "अण्णा, पोसतायत ते शहाणपणाचं करतायत. न पोसल्यामुळे काय झालं त्याची एक गोष्ट आहे." पण त्या दिवशी गर्दीत ती अर्धीच राहिली. अण्णांसारखी काळजी आणखी पुष्कळ घरांत असणार, म्हणून ती येथे पुरी लिहितो.

गोष्ट युरोपातली आहे. एअरबस या विमान कंपनीने डिसेंबर 2000 मध्ये ए-380 हे दुमजली विमान बांधायचे ठरवले. प्रवासी विमानांत एवढे मोठे दुसरे नाही. त्याचे भाग चार देशांत व्हायचे. पंख इंग्लंड-वेल्सकडे, शेपटीकडचे काम स्पेनमध्ये, धडाचे मोठे तुकडे जर्मनीत हॅम्बुर्गला, आणि शेवटची जोडणी फ्रान्समध्ये तुलूजला. म्हणजे ऊस चार गावचा, गव्हाण एक, असा प्रकार.

या विमानात सुमारे 530 किलोमीटर विजेच्या तारा आहेत. कोल्हापूरहून मुंबईला जावे आणि तिथून परत पुण्यापर्यंत यावे, साधारण एवढे अंतर. तारांची संख्या लाखाच्या घरात आणि जोड 40 हजारांवर. कोणती तार कुठून निघून कुठे वळणार, किती लांब कापायची, हे सगळे आधी संगणकावर आखलेले असते. तारांचे जुडगे तयार होऊनच येते आणि ठरल्या जागी बसवले जाते.

आता मेख ऐका. आखणीचा प्रोग्राम दोन्हीकडे एकाच कंपनीचा, फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सचा. नाव कॅटिया. पण तुलूजच्या मंडळींनी त्याची पाचवी आवृत्ती घेतली होती, हॅम्बुर्गचे लोक चौथ्या आवृत्तीवर काम करीत होते. नाव एक म्हणून माणूस फसतो. पाचवी आवृत्ती म्हणजे चौथीची डागडुजी नव्हती, ती मुळापासून नवी लिहिलेली होती. एकीतली आखणी दुसरीत नेताना सगळी माहिती जशीच्या तशी उतरत नसे. शिवाय वजन कमी करण्यासाठी पुष्कळ ठिकाणी तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घेतल्या होत्या. अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्यासारखी वळत नाही, तिला वळण मोठे द्यावे लागते. वळण मोठे म्हणजे तार लांब हवी.

हॅम्बुर्गहून धडाचे तुकडे तुलूजला पोचले आणि तारा जोडायला घेतल्या, तर आखूड! काही सेंटिमीटरनी कमी. आपल्याकडे दावे वीतभर कमी पडले तर गाठ मारून भागते. विमानात गाठ चालत नाही. घातलेल्या तारा उपसायच्या आणि माणसांनी आत बसून हाताने पुन्हा ओढायच्या, अशी वेळ आली. जर्मनीहून शेकडो कामगार तुलूजला आणावे लागले.

जून 2005 मध्ये पहिला उशीर जाहीर झाला, जून 2006 मध्ये दुसरा. दुसऱ्या खेपेला मूळ कंपनीच्या शेअरचा भाव एका दिवसात 26 टक्के खाली आला. जुलैत दोन बडे अधिकारी गेले. 3 ऑक्टोबर 2006 रोजी तिसरा उशीर जाहीर झाला, आणि 2010 पर्यंतच्या नफ्यात 4.8 अब्ज युरोची खोट येणार असे कंपनीनेच सांगितले. पुढच्या महिन्यात फेडेक्सने 10 मालवाहू विमानांची मागणी रद्द केली. फेब्रुवारी 2007 मध्ये 10 हजार नोकऱ्या कमी करण्याचा बेत आला. त्याला डॉलरची घसरण हेही कारण होते, सगळा दोष तारांच्या माथी मारणे बरोबर नाही. पण झळ कोणाला बसली ते उघड आहे.

त्या ऑक्टोबरच्या निवेदनात एक कबुली होती, तेवढ्यासाठीच मी ही गोष्ट सांगतोय. कंपनी म्हणाली, मूळ कारण असे की तारांची संगणकावरची आखणी उशिरा सुरू झाली आणि ती करणारी माणसे अजून शिकण्याच्याच अवस्थेत होती. म्हणजे यंत्र होते, प्रोग्राम होता, पैसा होता. हात तयार नव्हते. उपाय म्हणून दोन गोष्टी जाहीर केल्या: सगळ्या ठिकाणी एकच साधन, आणि ते वापरणाऱ्यांना प्रशिक्षण.

हॅम्बुर्गचे इंजिनिअर हट्टी होते असे पुष्कळांनी लिहिले. मला ते पटत नाही. 15-20 वर्षे एका साधनावर बसलेला माणूस डोळे मिटून काम करतो. नवे साधन हाती आले की तासाच्या कामाला त्याला दिवस लागतो, आणि शेजारी कालचा पोरगा भराभर हात चालवतो. वरचा साहेब मात्र आठवड्याला किती ड्रॉइंगे झाली तेच मोजतो. मग कोण नव्याला हात लावील? पूर्वी मी एका कारखान्यात होतो (नाव घेत नाही), तिथे काटा संगणकावर आणला तो ऐन गाळपात. कारकुनांना दोन दिवसांचा वर्ग, तिसऱ्या दिवशी काट्यावर. आठ दिवसांत जुने रजिस्टर टेबलाखाली उघडे आणि संगणक नुसता दाखवायला. पावत्या दोन्हीकडे निराळ्या, बाहेर गाड्यांची रांग, आणि शिव्या खाल्ल्या त्या कारकुनांनी.

मिलचा रोलर आपण हंगामात बदलत नाही, बंद काळात बदलतो. एअरबसलाही शेवटी तेच उमगले. पहिली 25 विमाने जुन्या आखणीवर, हाताने तारा ओढूनच पुरी केली. 26 व्यापासून नवी आखणी लावली. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेले ते 15 ऑक्टोबर 2007 रोजी.

याच्या आधी अमेरिकेत बोइंगने 777 हे विमान संपूर्णपणे संगणकावर आखले होते, तेही कॅटियावरच. काम 1990 मध्ये सुरू झाले आणि 12 जून 1994 रोजी विमान उडाले. तिथेही कागदावर आयुष्य घातलेले इंजिनिअर होते, त्यांचाही विश्वास बसत नव्हता. मग कंपनीने नाकाकडचा भाग खरोखरच बांधून पाहिला. संगणकावरच्या मापाप्रमाणे नळ्या-तारा बसल्या, तशी बाकीची लाकडी-पत्र्याची नमुना-बांधणी सोडून दिली. शिवाय 238 गट केले, आणि एकेका गटात आखणारा, बांधणारा, दुरुस्ती जाणणारा अशी सगळी माणसे एकत्र बसवली. माणूस वर्गात ऐकून थोडे शिकतो. आपलाच भाग घेऊन, जाणत्याच्या शेजारी बसून, चुका करून जास्त शिकतो. त्याला वेळ लागतो आणि त्या वेळाचा पगार द्यावा लागतो.

ए-380 ची एकूण 251 विमाने गिऱ्हाइकांच्या ताब्यात गेली. शेवटचे डिसेंबर 2021 मध्ये एमिरेट्सला दिले. धंदा बसला त्याची कारणे निराळीही आहेत, पण ती येथे नकोत.

परवा काट्यावर अण्णा पुन्हा भेटले. मुलाशी फोनवर बोलणे झाले होते. मी विचारले, "काय म्हणतोय?" तर म्हणाले, "आता जुन्या कामाचा एक भाग त्याला नव्यावर करायला दिलाय. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा जमला म्हणं. अजून महिनाभर असंच चालणार." आणि गाडीचा नंबर आला म्हणून ते घाईने निघून गेले.