तेलाची दुसरी गाळणी

ट्रकचं ऑईल बदलताना कधी पाहिलंय? काळं कुळकुळीत! डिझेल जळताना होणारी काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण त्यात मिसळलेले असतात. हे कण इंजिन आणखी झिजवतात.

‘मग फिल्टर कशाला असतो?’ असं तुम्ही विचाराल. नेहमीचा फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी. बेअरिंगला तेल झटपट मिळायला हवं, म्हणून तिची छिद्रं फार बारीक करता येत नाहीत. बारीक कण निसटतातच.

बायपास फिल्टर म्हणजे वस्त्रगाळ करायचं फडकं! तेलाचा साधारण दहावा भाग बाजूला वळवून तो सावकाश गाळतो आणि चेंबरमध्ये परत सोडतो. असं होता होता सगळंच तेल गाळून निघतं.

तो बसवणं परवडतं का? अमेरिकेतल्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००२ पासून ८ डिझेल बसगाड्यांवर करून पाहिलं. तेल बदलायची वेळ फारच कमी वेळा आली. मात्र तेलाचे नमुने तिथे नियमित तपासले जात. कारण गाळल्याने कचरा निघतो. तेलात उतरलेलं डिझेल निघत नाही आणि संपलेली रसायनंही परत येत नाहीत.

तेव्हा भरपूर तेल लागणाऱ्या, रोज लांब पल्ला मारणाऱ्या ट्रकला हा खर्च फळतो, पण तेल तपासून घेतलं तरच. थोडंफार धावणाऱ्या गाडीला वेळच्या वेळी तेल बदलणंच बरं!