बोअरच्या शर्यतीतून बाहेर

शेजाऱ्यानं तीनशे फूट बोअर घेतली की आपली दोनशे फुटांची आटते. मग आपण चारशे, तो पाचशे. खाली बेसॉल्टच्या भेगांत साठलेलं पाणी मात्र तेवढंच.

याला शेतकऱ्याची हाव म्हणणं अन्यायाचं आहे. शेजारी थांबला तर माझ्या खोल बोअरला जास्त पाणी मिळतं. तो थांबला नाही तर खोल गेल्याशिवाय माझं पीक वाचत नाही. दोन्हीकडून उत्तर एकच, खोदा. सगळे कर्जात जातात, तरी एकट्यानं माघार घेणं कोणालाच परवडत नाही. अर्थशास्त्रात अशा स्थितीला ‘नॅश समतोल’ म्हणतात. जॉन नॅश यांनी तो 1950 मध्ये मांडला. त्यात 1882 चा सुविधाधिकार कायदा जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकालाच देतो.

खेळाचे नियम बदलले की शहाणपणाची चालही बदलते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1965 च्या प्रबंधात लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनचा अभ्यास केला. तिथं अतिउपशामुळे समुद्राचं खारं पाणी जमिनीखाली शिरत होतं. उपसा करणाऱ्यांनी करार केला, पण अट घातली : पाण्यावरच्या 80 टक्के हक्कांचे मालक सामील झाले तरच तो लागू. आपण थांबलो आणि बाकीचे उपसत राहिले, ही भीतीच त्या अटीनं काढून घेतली. ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं असेच नियम केले. सिंचनासाठी बोअर नाही. ऊस, केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि पिकं त्यावर ठरवायची. जलसंधारणाच्या कामांचं कौतुक खूप होतं; मला या नियमांची रचना त्याहून मोलाची वाटते. जमिनीखालून कोणी किती उपसलं हे दिसत नाही. पण शिवारात उभा ऊस लपत नाही आणि बोअरची गाडी आली की गावभर आवाज जातो. नियम मोडणारा लगेच कळतो, म्हणून नियम पाळणाऱ्याला आपण फसलो असं वाटत नाही.

अडचण शिवेवर सुरू होते. भूजलाचा साठा गावाची हद्द पाळत नाही आणि पलीकडच्या गावाची ग्रामसभा वेगळी असते. तिथं 80 टक्क्यांसारखी अट घालायची, तर ती अनेक गावांनी मिळून, एका पाणलोटापुरती घालावी लागेल.