राइट बंधूंचे मिस्त्री : चार्ली टेलर

चार्ल्स एडवर्ड टेलर (1868–1956) हे राइट बंधूंच्या पहिल्या विमानाचे इंजिन घडवणारे कारागीर. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सेरो गॉर्डो या गावी 24 मे 1868 रोजी त्यांचा जन्म झाला. सातवीनंतर शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी ते नेब्रास्कातील एका वर्तमानपत्राच्या कचेरीत हरकाम्या म्हणून लागले. पुढे लग्न झाल्यावर पत्नी हेन्रिएटासह ते ओहायोतील डेटन या कारखानदारीच्या शहरात आले. तेथे शेतीची अवजारे आणि सायकली बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचा हात बसला.

1901 मध्ये विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांनी त्यांना आपल्या सायकलच्या दुकानात तासाला 30 सेंट मजुरीवर ठेवले. दोघे भाऊ किटी हॉकच्या वाळूत ग्लायडर उडवायला जात, तेव्हा मागे दुकान बघायला भरवशाचा माणूस हवा होता. टेलर यांच्या अखंड चालणाऱ्या चिरुटांचा राइटभगिनी कॅथरीन यांना मनस्वी तिटकारा होता. पण त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती.

ग्लायडरला इंजिन जोडायची वेळ आली तेव्हा राइट बंधूंनी मोटार बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रे लिहिली. हवे तितके हलके इंजिन कोणाकडेच मिळेना. मग ते दुकानातच करायचे ठरले. टेलर यांनी तोवर इंजिन कधी बनवले नव्हते; एका गाडीचे बिघडलेले इंजिन दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, एवढाच काय तो अनुभव. हाताशी एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि बाकीची हातहत्यारे. रीतसर आराखडेही नव्हते. कागदाच्या चिटोऱ्यावर एकेका भागाचे रेखाटन व्हायचे, टेलर तो कागद कामाच्या टेबलावर खिळ्याला अडकवायचे आणि भाग घडवायला घ्यायचे.

क्रँकशाफ्टचे काम सर्वांत अवघड. सुमारे 100 पौंड वजनाच्या पोलादी पाट्यावर त्यांनी आकार आखला, रेषेलगत ड्रिलने भोके पाडली आणि नको तो भाग छिन्नी-हातोड्याने तोडून काढला. उरलेला तुकडा लेथवर उतरवून तयार झालेला शाफ्ट 19 पौंडांचा भरला. चार आडव्या सिलिंडरांचा व्यास 4 इंच आणि पिस्टनची चालही तेवढीच. वजन वाचावे म्हणून क्रँककेस ॲल्युमिनियमचा ओतून घेतला. कार्ब्युरेटर नव्हता; टाकीतले पेट्रोल आपल्या वजनाने खाली येई आणि तापलेल्या भागावर त्याची वाफ होई. फेब्रुवारी 1903 मधील चाचणीत पेट्रोल बेअरिंगांवर ठिबकून ती जाम झाली आणि क्रँककेस फुटला. नवे ओतीव मागवून इंजिन पुन्हा जुळवावे लागले. पहिले इंजिन मात्र अवघ्या सहा आठवड्यांत उभे राहिले होते. 8 अश्वशक्ती पुरेशी धरली असताना त्याने 12 दिली. मोटारीच्या इंजिनांपुढे ते ओबडधोबडच होते. पण विमानाला सफाईपेक्षा हलकेपणाची गरज होती आणि ती या मिस्त्रीने भागवली. 17 डिसेंबर 1903 रोजी विमान उडाले तेव्हा टेलर डेटनलाच होते. तो मूळ क्रँकशाफ्ट 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला दिला, तो परत आलाच नाही.

पुढे डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या उड्डाणाच्या मैदानाची व्यवस्थाही टेलर पाहत. सप्टेंबर 1908 मध्ये फोर्ट मायर येथे विमान कोसळून ऑर्व्हिल यांच्यासोबत बसलेले लेफ्टनंट सेल्फरिज दगावले आणि ऑर्व्हिल जबर जखमी झाले. जखमींना बाहेर काढायला धावलेल्यांत टेलर होते. पंख्याचे पाते तडकल्यामुळे अपघात झाला, हे नंतर अवशेषांच्या तपासणीतून उघड झाले. 1911 मध्ये कॅल रॉजर्स यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून पश्चिमेकडे विमान नेले, तेव्हा वाटेत त्याची डागडुजी करायला टेलर आगगाडीने सोबत निघाले. आठवड्याला 70 डॉलर मिळणार होते. कॅलिफोर्नियात बायकामुलांचे बिऱ्हाड करावे, हाही त्यात हेतू होता. पण हेन्रिएटा आजारी पडल्या आणि विमान वाटेतच सोडून ते कुटुंबाकडे गेले.

उतारवय ओढगस्तीत गेले. कॅलिफोर्नियातील सॉल्टन सरोवराजवळच्या जमिनीत घातलेली पुंजी बुडाली. 1937 मध्ये हेन्री फोर्ड यांना राइट बंधूंचे दुकान डिअरबॉर्न येथे पुन्हा उभारायचे होते. शोध घेतला तेव्हा टेलर लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात तासाला 37 सेंटवर राबताना सापडले आणि शेजारी काम करणाऱ्यांना ते कोण हे ठाऊकच नव्हते. ऑर्व्हिल यांनी त्यांना वर्षाला 800 डॉलरची तहहयात नेमणूक लावून दिली; महागाईत ती पुरेना. 1955 मध्ये ते धर्मादाय रुग्णालयात असल्याचे कळल्यावर विमान उद्योगातील लोकांनी वर्गणी काढून त्यांना खासगी रुग्णालयात हलवले. 30 जानेवारी 1956 रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा आज विमान दुरुस्तीत 50 वर्षे काढलेल्या मिस्त्रींना त्यांच्या नावाचा पुरस्कार देते.