एकाच बिलावरचे दोन कॅरेट

“हिरा चोवीस कॅरेटचाच आहे ना?” लग्नाच्या खरेदीसाठी खानदेशातून सुरतेला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडून हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत मराठी घरं भरपूर, त्यामुळे पाहुणेही भरपूर. विचारणाऱ्याला हवी असते शुद्धतेची खात्री. पण हिऱ्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे निव्वळ वजन. पाच कॅरेटचा एक ग्रॅम होतो. चोवीस कॅरेटचा हिरा पावणेपाच ग्रॅमहून जड भरेल आणि त्याच्या किमतीत गावाकडची सगळी शेती जाईल!

तापीच्या उजव्या तीरानं हजिऱ्याकडे निघालं की वाटेत इच्छापोर लागतं. तिथं गुजरात हिरा बोर्सचं जेम अँड ज्वेलरी पार्क आहे. हिरे आणि दागिने दोन्ही त्याच्या नावातच आहेत, आणि कॅरेट या शब्दाचे दोन्ही अर्थही तिथलेच. हिऱ्याच्या पुडीवरचा कॅरेट वेगळा, सोन्याच्या शिक्क्यावरचा वेगळा. धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गिऱ्हाइकाला मात्र कुणीतरी सांगायला हवं, कारण अंगठीच्या बिलावर दोन्ही कॅरेट वर-खाली छापलेले असतात: १८ कॅरेट सोनं, ०.३० कॅरेट हिरा. पहिला आकडा शुद्धतेचा, दुसरा वजनाचा. हिऱ्याचं हे वजन म्हणजे ०.०६ ग्रॅम. अंगठीच्या एकूण वजनातून ते वजा करून उरलेल्या वजनालाच सोन्याचा भाव लागला आहे ना, हे पाहून घ्यावं.

शब्द एक आणि कामं दोन, हे कसं झालं? त्याची गोष्ट एका झाडापासून सुरू होते. भूमध्य समुद्राच्या काठी कॅरोब नावाचं शेंगवर्गातलं झाड वाढतं. त्याची शेंग बाकदार, शिंगासारखी. शिंगाला ग्रीकमध्ये ‘केरास’ म्हणतात, म्हणून शेंगेतल्या बीचं नाव पडलं ‘केरातिऑन’, छोटं शिंग. आपला ‘शृंग’ आणि ग्रीक ‘केरास’ एकाच प्राचीन मुळाचे. केरातिऑनचा अरबीत ‘किरात’ झाला, इटालियनमध्ये ‘कारातो’, फ्रेंचमध्ये ‘कारा’, आणि तिथून तो इंग्रजीत गेला.

या बीभोवती एक लाडकी समजूत आहे. कॅरोबची प्रत्येक बी हुबेहूब सारख्या वजनाची असते, म्हणून जवाहिऱ्यांनी ती वजनाला निवडली, असं पुस्तकांतूनही छापलं जातं. झुरिकच्या संशोधकांनी बिया खरोखर तोलून पाहिल्या आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: इतर झाडांच्या बियांइतकाच फरक कॅरोबच्या बियांतही पडतो. मात्र माणसाचा डोळा लहानमोठ्या बिया बऱ्यापैकी अचूक वेगळ्या काढतो. म्हणजे बी सारखी नव्हती, निवडणारा चोखंदळ होता. आपल्या सोनारांच्या गुंजेचंही असंच असणार, असं मला वाटतं. गुंजही शेंगेतलीच बी. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज आपण ‘तोळा’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा १० ग्रॅम धरलेले असतात, हा आणखी एक घोळ. आणि हिरे? वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त हिऱ्याचं वजन तांदळात सांगितलं आहे, आणि आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ धरला आहे.

आता चोवीस. सोन्याची शुद्धता शंभरात न मोजता चोवीसात का मोजतात, याचं उत्तर रोमन नाण्यात आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टंटाइननं ‘सॉलिडस’ हे सोन्याचं नाणं काढलं. साडेचार ग्रॅमच्या आसपासचं, वजन २४ केरातिऑन. नाणं पूर्ण सोन्याचं तर चोवीसांपैकी चोवीस, भेसळ असेल तर तितके कमी. अशा रीतीनं वजनाचं माप हिश्श्याचं माप झालं. इजिप्तमध्ये हा अर्थ अजून जमिनीच्या मोजणीत जिवंत आहे. तिथल्या एका फेद्दानचे २४ किरात होतात, आणि किरात म्हणजे १७५ चौरस मीटर. तिथं सोन्याचा संबंध नाही, फक्त चोविसाव्या हिश्श्याचा आहे.

म्हणून २२ कॅरेट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनं, हजारात साधारण ९१६. हॉलमार्कवरचा ९१६ हाच. १८ कॅरेटला ७५०, १४ कॅरेटला ५८५. उरलेला भाग तांबं, चांदी अशा धातूंचा. ‘१८ कॅरेटचं सोनं म्हणजे खोटं सोनं’ हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचंही मत होतं. ते चुकीचं आहे. हिरा घट्ट धरायला कोंदण कणखर लागतं, आणि शुद्ध सोनं मऊ असतं. फसवणूक होते ती १८ कॅरेटचा दागिना २२ च्या भावानं विकला तर. ‘२४ कॅरेट म्हणजे शंभर टक्के’ हेही अक्षरशः खरं नाही. भारतीय मानकात हजारात ९९५ भागांच्या सोन्यालाही २४ कॅरेटचाच शिक्का आहे.

हिऱ्याकडे परत येऊ. कॅरेट दुप्पट झाला की हिरा दुप्पट मोठा दिसेल, अशी अपेक्षा असते. नीट पैलू पाडलेल्या एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर, आणि दोन कॅरेटचा सव्वाआठच्या जरा आत. वजन खोलीतही जातं. तळ जाड ठेवलेला हिरा काट्यावर भरतो, बोटात लहान दिसतो. माणिक हिऱ्याहून घन, त्यामुळे एक कॅरेटचं माणिक एक कॅरेटच्या हिऱ्याहून लहानच. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हेही कॅरेटवरून कळत नाही. २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या जिल बायडन यांना भेट दिलेला हिरा साडेसात कॅरेटचा होता आणि प्रयोगशाळेत वाढवलेला होता. सुरतेच्या बाजारात बोलणं मात्र कॅरेटपेक्षा सेंटमध्येच जास्त चालतं. कॅरेटचा शंभरावा भाग म्हणजे सेंट, अवघे दोन मिलिग्रॅम.

जुन्या हिऱ्यांची वजनं वाचताना आणखी एक शंका येते. कोहिनूर इंग्लंडला पोचला तेव्हा कुठे १८६ कॅरेट लिहिलेलं, कुठे १९१. मधले पाच कॅरेट गेले कुठे? कुठेही गेले नाहीत. लंडनचा जुना कॅरेट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा होता. २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरेट १९०७ मध्ये ठरला, आणि दगड तोच असून आकडा वाढला. घट खरी झाली ती १८५२ मध्ये, पुन्हा पैलू पाडताना, १०५.६ पर्यंत. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या ‘नासक’ हिऱ्याचंही तेच. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो कंपनीच्या हाती गेला. तेव्हा तो नव्वदच्या घरात होता, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये तासून ४३.३८ कॅरेटचा झाला. हे वाचताना मला अजून वाईट वाटतं.

राहिले नुसत्या उच्चाराचे सोबती. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात शेतकरी टोमॅटोचं ‘कॅरेट’ म्हणतो ते क्रेट. त्याचा उगम बहुधा विणलेल्या कुडाच्या लॅटिन शब्दात. गाजराचा कॅरट ग्रीक ‘कारोतॉन’वरून आला. आणि ओळीत राहून गेलेला शब्द घालायची ^ ही खूण, तिचं इंग्रजी नाव कॅरेट, म्हणजे लॅटिनमध्ये ‘उणं आहे’. आपल्या पोथ्या लिहिणारे या खुणेला काकपद म्हणत, कावळ्याचं पाऊल. हिऱ्याशी तिचं काही नातं नाही, असं म्हणून मी पुढे जाणार होतो. पण जुन्या रत्नशास्त्रात हिऱ्याचे दोष मोजले आहेत, रेखा, बिंदू, यव, मळ, आणि त्यांतल्या एकाचं नाव काकपद आहे.