घोडा, मण्यार आणि जनुकांची जुळवाजुळव

आषाढ-श्रावणात भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी असते. सर्पदंशाचे दिवसही तेच. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्याला नाग किंवा घोणस चावते, रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार. रुग्णालयात त्याला जे प्रतिविष देतात, ती घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये असतात. महाराष्ट्रात हे काम हाफकिनने पिंपरी येथे घोडे पाळून केले आहे.

रोग्याचे शरीर स्वतःच प्रतिद्रव्ये का तयार करीत नाही, असे विद्यार्थी विचारतील. करते, पण त्याला आठवडाभर तरी लागतो, आणि मण्यारीचे विष काही तासांतच श्वास बंद पाडू शकते. घोड्याला मात्र नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची विषे अल्प मात्रेपासून वाढवत, कित्येक आठवडे टोचलेली असतात.

खरे कोडे पुढेच आहे. त्या घोड्याने मण्यार कधी पाहिलेली नसते. तरी तिच्या विषाला नेमके चिकटणारे प्रतिद्रव्य त्याच्या रक्तात येते कसे? प्रत्येक प्रतिद्रव्यासाठी वेगळे जनुक असणे शक्य नाही. माणसात प्रथिनांची जनुके सुमारे २०,००० आहेत आणि प्रतिद्रव्यांचे प्रकार कोट्यवधी!

हे कोडे सुसुमु तोनेगावा यांनी बाझल येथे सोडवले. १९७६ साली त्यांनी उंदराच्या भ्रूणातील डीएनए आणि प्रतिद्रव्य बनवणाऱ्या अर्बुदपेशीतील डीएनए यांची तुलना केली. भ्रूणात दूर असलेले तुकडे अर्बुदपेशीत जवळ आलेले दिसले. शरीरातील सर्व पेशींचा डीएनए सारखाच असतो, हा पाठ्यपुस्तकी समज तिथे मोडला. १९८७ चे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळाले.

प्रतिद्रव्यात जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. माणसात जड साखळीच्या टोकासाठी व्ही गटाचे सुमारे ४०, डी गटाचे २३ आणि जे गटाचे ६ उपयोगी तुकडे असतात. अस्थिमज्जेत बी-पेशी तयार होताना रॅग नावाची विकरे प्रत्येक गटातील एक तुकडा निवडून मधला डीएनए कापून टाकतात. मग दुसरी विकरे टोके सांधतात. ४० × २३ × ६ म्हणजे ५,५२० जुळण्या. हलक्या साखळीच्या सुमारे ३२० धरल्या, तर गुणाकार १७ लाखांवर जातो. घोड्यात आकडे वेगळे, पण रीत हीच. वर्गात तीन रंगांच्या चिठ्ठ्या उचलायला लावल्या, तर मुलांना हे पाच मिनिटांत कळते.

त्यात सांध्यावर काही अक्षरे गळतात, काही नवी घुसतात, तीही कोणत्याही योजनेशिवाय. त्यामुळे बरेच सांधे वाचताच येत नाहीत आणि अशा कित्येक पेशी मरतात. निसर्गाचा हा कारभार उधळपट्टीचा खरा, पण वैविध्य त्यातूनच वाढते.

कापाकापी एवढ्यावर संपत नाही. डीएनएवरून निघालेल्या आरएनएतील अनावश्यक भाग वगळून उरलेले जोडले जातात. या आरएनएचे शेपूट एका रीतीने कापले, तर प्रतिद्रव्य पेशीच्या पृष्ठभागावर रुतून बसते. दुसऱ्या रीतीने कापले, तर तेच रक्तात सोडले जाते. जनुक एकच, काम दोन.

घोड्याला विष टोचले की ज्या बी-पेशीच्या पृष्ठभागावरील प्रतिद्रव्य योगायोगाने त्याला चिकटते, तीच भराभर विभागते. विभागताना एड नावाचे विकर तिच्या प्रतिद्रव्य-जनुकात मुद्दाम बदल घडवते, आणि अधिक घट्ट चिकटणाऱ्या पेशी टिकतात. पुन्हा पुन्हा टोचावे लागते ते यासाठी.

या निवडीलाच प्रतिविषाची मर्यादाही चिकटलेली आहे. घोड्याला जे विष दाखवले, त्याच्याशीच त्याची प्रतिद्रव्ये चांगली जुळतात. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, आणि आपल्याकडील प्रतिविषासाठीचे बरेचसे विष तमिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. तिथल्या घोणशीच्या विषावर पोसलेली प्रतिद्रव्ये दूरच्या घोणशीच्या विषाला तितकीच घट्ट धरतील, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय घोड्याचे प्रथिन आपल्या शरीराला परकेच. त्याच्याविरुद्धही आपल्या बी-पेशी उठतात. पण त्याला दिवस लागतात; प्रतिविष चालू असताना डॉक्टर रोग्याजवळून हलत नाहीत, ते लगेच येऊ शकणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेसाठी.