उंदीर बरा झाला, रुग्ण नव्हे

‘कॅन्सरवर औषध सापडलं. उंदरांच्या गाठी पंधरा दिवसांत विरघळल्या. डॉक्टर सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बुडेल ना!’ मेहकर, भालकी, बीदरकडे हा निरोप फोनवर पुन्हा पुन्हा येतो, कधी हळदीच्या नावाने, कधी लक्ष्मणफळाच्या. तो वाचून कुणी किमो अर्धवट सोडली, तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणून आधी याच गैरसमजाकडे पाहू.

गैरसमज : उंदराची गाठ गेली, म्हणजे माणसाचीही जाईल.

वस्तुस्थिती : उंदराला कॅन्सर झाला कसा, हे आधी विचारा. अनेक प्रयोगांत तो झालेला नसतो, मुद्दाम केलेला असतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या माणसाच्या कॅन्सरपेशी उंदराच्या कातडीखाली टोचतात. परक्या पेशी त्याच्या शरीराने झिडकारू नयेत, म्हणून प्रतिकारशक्ती फारच दुबळी असलेला उंदीर निवडतात. काही आठवड्यांत गाठ वाढते. सगळे उंदीर एकाच वाणाचे, एकाच वयाचे, एकच खाद्य खाणारे.

आता आपला रुग्ण पाहा. साठीचा शेतकरी, अर्धं आयुष्य तंबाखू खाल्लेली, सोबत मधुमेह. गाठ कित्येक वर्षं आत वाढलेली, कदाचित यकृतापर्यंत पोचलेली, आणि तिच्यातल्या पेशीही एकसारख्या नाहीत. त्याने वाट्या भरून हळद खाल्ली, तरी तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. उंदराचा निकाल या माणसाला जसाच्या तसा लावायचा कोणत्या आधारावर?

ही शंका कॅन्सर-संशोधकांनी स्वतःच मांडलेली आहे. बोस्टनच्या जुडाह फोकमन यांच्या प्रयोगशाळेत गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या दोन प्रथिनांनी उंदरांच्या गाठी आक्रसल्या. मे १९९८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली आणि रुग्णांनी डॉक्टरांचे फोन खणाणून सोडले. पुढे अमेरिकेत माणसांवर चाचण्या झाल्या, तेव्हा तो चमत्कार दिसला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचे तेव्हाचे संचालक रिचर्ड क्लाउस्नर यांनी १९९८ मध्येच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’कडे स्पष्ट कबुली दिली : उंदरांचा कॅन्सर आपण कित्येक दशकं बरा करत आलो, माणसांत मात्र ते जमलं नाही. अमेरिकेतल्या जैवतंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने २०११ ते २०२० या काळाचा हिशोब मांडला आहे. त्यानुसार माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात आलेल्या कॅन्सरच्या दर १०० औषधांपैकी जेमतेम ५ मंजुरीपर्यंत पोचतात. माणसांपर्यंत येण्याआधी औषधं सहसा प्राण्यांवर तपासलेली असतात, हे लक्षात घ्या. उंदीर ही पहिली चाळणी आहे. तिच्यातून उतरलेलं सगळंच औषध ठरत नाही.

माणसांवरचा पुरावा कसा असतो, हे पाहायला लांब जायला नको. शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय होतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. लक्ष्मणफळाच्या निरोपामागे असं काय आहे? मुख्यतः काचेच्या बशीतल्या पेशी आणि काही उंदीर!

गैरसमज : मग प्राण्यांवरचे प्रयोग वायाच.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. मुंबईत परळच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवर काम करून स्तनाच्या कॅन्सरशी आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचं नातं शोधलं. संशोधक जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये उंदरांत दाखवून दिलं की प्रतिकारशक्तीचा एक ‘ब्रेक’ काढला तर ती गाठीवर तुटून पडते. त्यावर आधारित इपिलिमुमॅब या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळाली. मधली १५ वर्षं गेली ती मुख्यतः माणसांवर तपासण्यात. माणसाचा एचपीव्ही जनावरांत रुजत नाही, म्हणून त्याविरुद्धच्या लसीची कल्पना कुत्र्यांच्या आणि सशांच्या स्वतःच्या तशाच विषाणूंवर पारखली गेली.

आणखी काही, थोडक्यात

*‘जनावरांना कॅन्सर होत नाही.’* होतो. बैलांच्या शिंगाचा कॅन्सर आपल्याकडच्या पशुवैद्यांना चांगला ठाऊक आहे.

*‘उंदराला झाला, म्हणजे माणसालाही होणारच.’* सॅकरिन या कृत्रिम साखरेने नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. त्यामागची प्रक्रिया माणसाला लागू नाही असं ठरल्यावर २००० मध्ये अमेरिकेने ते कॅन्सरकारकांच्या यादीतून काढलं.

*‘धुराने प्राण्यांना सहज कॅन्सर होत नाही, म्हणून विडी निर्धोक.’* विडी-सिगारेटविरुद्धचा भक्कम पुरावा माणसांकडूनच आला आहे, १९५० पासून.

*‘प्राण्यांवर कुणीही काहीही करतं.’* १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंध कायदा आहे आणि प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. २०२३ पासून आपल्या नियमांत प्राण्यांविना चाचणीच्या पर्यायांनाही वाट मिळाली आहे.

यापुढे असा निरोप आला, तर तीन गोष्टी विचारा : किती माणसांवर तपासलं? कोणत्या कॅन्सरवर? नेहमीच्या उपचारांशी तुलना केली का? उत्तरात फक्त उंदीर असतील, तर तो निरोप पुढे पाठवू नका. बार्शीला किंवा कलबुर्गीच्या किदवाई केंद्रात चालू असलेला उपचार डॉक्टरांना न विचारता सोडू नका आणि पुढची तारीख चुकवू नका.